२ केबी रॅममध्ये कॅमेरा चालवायचाय: द्राक्षबागेच्या टाइमलॅप्ससाठी जीफोटोतलं काय ठेवावं, काय सोडावं?

दिंडोरी_बाग (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) झाली की त्या दिवसापासून माल खाली होईपर्यंत एकाच ओळीचा, एकाच जागेवरून टाइमलॅप्स काढायचा आहे. डोळे फुगणं, पोंगा, घड बाहेर पडणं, फुलोरा, मणी सेटिंग, मण्यात पाणी उतरणं, सगळं सलग दिसलं पाहिजे. म्हणजे चार-साडेचार महिने, दिवसाउजेडी दर दहा मिनिटांनी एक फोटो.

कॅमेरा आहे कॅनन ईओएस ११००डी. घरी टेबलावर हे काम रास्पबेरी पाय (छोटा लिनक्स कॉम्प्युटर) आणि जीफोटो-२ (यूएसबीवरून कॅमेरा चालवणारं खुलं सॉफ्टवेअर) यांवर व्यवस्थित चालतं. शटर, आयएसओ, क्लिक, सगळं एकेका कमांडवर. अडचण बागेत आहे. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून लहान सोलर पॅनल आणि १२ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर भागवायचं आहे. दहा मिनिटांतून एकदा क्लिक करायला पूर्ण लिनक्स दिवसभर जागं ठेवणं मला पटत नाही, आणि मध्येच वीज गेली तर मेमरी कार्डावरची फाइल सिस्टिम बिघडायची भीती वेगळीच.

माझ्याकडे आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आहे आणि त्याला कॅमेरा यूएसबीने जोडता यावा म्हणून मॅक्स-३४२१ई चिपची यूएसबी होस्ट शिल्ड (वर बसणारा जोड-बोर्ड) आहे. जीफोटोच्या मुळाशी असलेल्या लिबजीफोटो-२ लायब्ररीचा सोर्स कोड उघडून बसलो. हजारो कॅमेऱ्यांचा पाठिंबा, ड्रायव्हर चालू असताना लोड करायची सोय, खाली लिबयूएसबी, वर सेटिंगांचं झाड, त्यातली प्रत्येक फांदी अक्षरी नावाची. उनोत ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, १ केबी ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी). यातलं कुठून कापायला सुरुवात करू?

---

कॉलेजरोड_फोटो

आधी एक सरळ प्रश्न. यूएसबी हवंच कशाला? ११००डी ला बाजूला २.५ मिमीचा रिमोट जॅक आहे. ग्राउंड, फोकस, शटर अशा तीन तारा. दोन ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारे स्विच) लावा, कॅमेरा एव्ही मोडवर ठेवा, एक्सपोजर तो स्वतः मोजेल. लग्नाच्या हॉलमध्ये मंडप उभा राहतानाचे टाइमलॅप्स आम्ही असेच काढतो. दहा ओळींचा प्रोग्राम होईल आणि मेमरीचा विषयच निघणार नाही.

---

दिंडोरी_बाग

दादा, तसं करून बघितलंय, आणि ज्याला एका दिवसाचाच टाइमलॅप्स हवा आहे त्याने तेच करावं. माझ्या फ्रेममध्ये वरच्या भागात आकाश आणि खाली पानं आहेत. छाटणीनंतर नुसत्या काड्या असतात, महिनाभरात मांडव भरतो. एव्ही मोडमध्ये कॅमेऱ्याचं मोजमाप त्या भरण्याबरोबर सरकत जातं. मधून ढग गेला किंवा ब्लोअर पुढून गेला की एखादी फ्रेम वेगळ्याच उजेडाची येते. सलग लावल्यावर सगळा व्हिडिओ लुकलुकतो. मला मॅन्युअल मोडमध्ये शटर ठरवून पाठवायचा आहे, बाहेरच्या उजेडावरून, हळूहळू बदलणारा. जॅकमधून शटरचा वेग पाठवता येत नाही, म्हणून यूएसबी.

---

अंबड_फर्मवेअर

दिंडोरीकर, जीफोटो कापायला घेऊच नका. कापून कापून ती लायब्ररी २ केबीत बसणार नाही, आणि बसवायची गरजही नाही. जीफोटो पाहिजे तेवढे कॅमेरे ओळखते म्हणून मोठी आहे. तुमच्याकडे एकच कॅमेरा आहे. लायब्ररी आणि कॅमेरा यांच्यात जे बोलणं होतं, ते तेवढं उनोवर आणायचं. लायब्ररी वाचायची ती संदर्भ म्हणून.

ते बोलणं म्हणजे पीटीपी, पिक्चर ट्रान्स्फर प्रोटोकॉल, आयएसओ १५७४०. फार आटोपशीर प्रोटोकॉल आहे. प्रत्येक पुडक्याला १२ बाइटांचं हेडर: ४ बाइट लांबी, २ बाइट प्रकार, २ बाइट कोड, ४ बाइट व्यवहार क्रमांक. प्रकार चारच: १ कमांड, २ डेटा, ३ उत्तर, ४ इव्हेंट. कमांडला जास्तीत जास्त पाच पॅरामीटर, प्रत्येकी ४ बाइट. म्हणजे कमांड कितीही मोठी म्हटली तरी ३२ बाइट, उत्तरही तेवढंच. ही दोन्ही उनोत आरामात मावतात. मोठा असतो तो फक्त मधला डेटा.

आता तुमच्या कामाला लागणारे व्यवहार मोजा (कोड सगळे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर). १००२ ने सत्र उघडणं. ९११४ ने रिमोट मोड, ९११५ ने इव्हेंट मोड, हे दोन्ही कॅननचे स्वतःचे. ९११६ ने इव्हेंट वाचणं. ९११० ने सेटिंग बदलणं. ९१०एफ ने क्लिक. नंतरच्या ईओएस मॉडेलना त्याऐवजी ९१२८ आणि ९१२९ अशी दाब-सोडची जोडी आहे. शेवटी १००३ ने सत्र बंद. संपलं. फोटो उतरवायचा नाही, तो कॅमेऱ्याच्या कार्डावरच राहू द्या. फाइलींची यादी नको, थंबनेल नको, लाइव्ह व्ह्यू नको. तुमचा कॅमेरा यातले कोणते कोड मानतो हे लॅपटॉपवर एकदा जीफोटोच्या डीबग लॉगमध्ये बघून घ्या. त्या लॉगमध्ये जाणारा-येणारा प्रत्येक बाइट दिसतो. मी नेहमी लॉग कागदावर छापून शेजारी ठेवतो आणि मगच पहिली ओळ लिहितो.

दोन बारकावे सांगून ठेवतो. सत्र उघडतानाचा व्यवहार क्रमांक शून्य, पुढचे एकापासून. आणि उत्तराचा कोड २००१ आला तर ठीक, २०१९ आला तर कॅमेरा व्यग्र आहे, थोडं थांबून पुन्हा विचारायचं. २०१९ ला चूक समजून सत्र बंद करणारे प्रोग्राम मी बरेच दुरुस्त केलेत.

---

सिन्नर_थर्डइयर

सर, एक शंका. इव्हेंट मोड चालू केल्यावरचं पहिलं ९११६ आम्ही लॅबमध्ये वायरशार्कवर (यूएसबीवरचे बाइट पकडून दाखवणारा प्रोग्राम) पाहिलं. कॅमेरा स्वतःच्या सगळ्या सेटिंग आणि त्यांच्या शक्य किमतींच्या याद्या एकदम पाठवतो. कित्येक केबी होतात. उनोची सगळी रॅम रिकामी असली तरी ते मावणार नाही. मग तेवढ्यासाठी मेगा २५६० घ्यायचा का? त्यात ८ केबी आहे.

---

अंबड_फर्मवेअर

शंका अगदी योग्य जागी आली. मेगा घेऊनही तो प्रश्न सुटत नाही, फक्त पुढच्या कॅमेऱ्यापर्यंत ढकलला जातो. कारण ती यादी किती लांब येईल हे कॅमेरा ठरवतो, आपण नाही.

इथे शेततळं भरून घ्यायचं आणि मग पाणी द्यायचं असा विचार सोडायचा. पाटाला पाणी आलं की वाफ्यात वळवायचं, जे नको ते पुढे जाऊ द्यायचं. मॅक्स-३४२१ई मधून डेटा ६४ बाइटांच्या घासाने येतो. तेवढाच बफर ठेवायचा. त्यावर एक स्टेट मशिन चालवायचं, जे एकेक बाइट घेतं आणि आपण नोंदीच्या कुठल्या भागात आहोत एवढंच लक्षात ठेवतं.

ईओएसच्या इव्हेंट डेटाची रचना त्यासाठी सोयीची आहे. प्रत्येक नोंदीत आधी ४ बाइट आकार, मग ४ बाइट प्रकार, मग मजकूर. आकार ८ आणि प्रकार ० आला की यादी संपली. प्रकार सी१८९ म्हणजे एखादी सेटिंग बदलली: पुढचे ४ बाइट सेटिंगचा कोड, त्यापुढे किंमत. सी१८ए म्हणजे शक्य किमतींची यादी, तीच लांबलचक असते आणि ती आपल्याला मुळीच नको. आकार कळलेला असतोच, तेवढे बाइट मोजून सोडून द्यायचे. सी१८१ म्हणजे नवा फोटो तयार झाला, तो मात्र पकडायचा.

लक्षात काय ठेवावं लागतं? नोंदीचे उरलेले बाइट, प्रकार, अर्धवट जमलेला आकडा आणि आपण कुठल्या पायरीवर आहोत ते. पंधरा-वीस बाइटांचं स्ट्रक्चर. यादी ५ केबीची असो वा ५० केबीची, रॅम तेवढीच लागते. नोंद ६४ च्या सीमेवर मधोमध तुटली तरी फरक पडत नाही, कारण मशिन बाइटावर चालतं, पुडक्यावर नाही.

यूएसबी होस्ट शिल्डसाठीची जी जुनी पीटीपी लायब्ररी आहे, तिनेही हाच मार्ग धरलाय. तुम्ही एक पार्सर ऑब्जेक्ट देता आणि लायब्ररी त्याला तुकड्या-तुकड्याने डेटा भरवते. तिचा कोड तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी जरूर वाचावा. कमी जागेत विचार कसा करायचा हे मला बऱ्याच अंशी तिथून समजलं.

---

सातपूर_पीएलसी

हे सगळं मान्य, पण २०२१ मध्ये रास्पबेरी पाय पिको आली ना? तिच्या आरपी-२०४० चिपवर २६४ केबी रॅम, चिपमध्येच यूएसबी होस्ट, शिल्डची गरज नाही. ईएसपी३२-एस३ घेतला तर ५१२ केबी आणि वर वायफाय. मी कारखान्यात रोज बघतो, लोक जुन्या कंट्रोलरमध्ये प्रोग्राम कोंबत बसतात आणि त्यात जाणाऱ्या वेळेची किंमत नव्या बोर्डाहून जास्त होते. दिंडोरीकर, छाटणी तुमच्यासाठी थांबणार नाही. मोठा बोर्ड घ्या आणि मोकळे व्हा.

---

अंबड_फर्मवेअर

वेळेचा मुद्दा खरा आहे आणि हातात पिको असती तर मीही तीच सुचवली असती. पण दोन गोष्टी हिशोबात धरा.

एक, पिकोवर टायनीयूएसबी ही लायब्ररी वापराल. त्यात होस्टसाठी कीबोर्ड-माउस, पेन ड्राइव्ह, सीरियल यांचे ड्रायव्हर तयार आहेत. कॅमेऱ्याचा स्टिल इमेज क्लास स्वतः लिहावा लागेल. शिल्डवर तो आयता आहे. शिवाय पिकोच्या त्याच यूएसबी सॉकेटला होस्ट बनवायचं तर ओटीजी अडॅप्टर आणि बाहेरून ५ व्होल्ट लागतात, आणि डीबगचे संदेश दुसऱ्या पिनांवरून यूआर्टने (सीरियल तारांनी) घ्यावे लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उनोवर चालणारा पीटीपीचा कोड पिकोवर जसाच्या तसा नेला तर तो पहिल्याच डिव्हाइसइन्फोवर (कॅमेरा स्वतःची माहिती देतो ते पुडकं) कोसळू शकतो. त्याचं कारण मेमरी नाही, अलाइनमेंट, म्हणजे आकडा मेमरीत कोणत्या पत्त्यावर सुरू होतो ते. डिव्हाइसइन्फोतला पहिला आकडा २ बाइटांचा, त्याला लागून दुसरा ४ बाइटांचा. म्हणजे तो ४ बाइटी आकडा सम पत्त्यावर असला तरी चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर नाही. बफरवर पॉइंटर टाकून ४ बाइट एकदम उचलले तर एव्हीआरला (उनोच्या चिपला) काहीच वाटत नाही, तो ८ बिटांचा आहे. पिकोचा कॉर्टेक्स-एम०+ मात्र हार्डफॉल्ट देतो, म्हणजे प्रोग्राम तिथेच थांबतो. ईएसपी८२६६ सुद्धा अशा ठिकाणी एक्सेप्शन देऊन रीसेट होतो. उपाय सोपा आहे: चार बाइट वेगवेगळे वाचायचे आणि शिफ्ट करून जोडायचे. स्टेट मशिन पहिल्यापासून बाइटावर लिहिलं तर ही अडचण येतच नाही. म्हणून मी म्हणतो, बोर्ड कोणताही घ्या, कोड असा लिहा की तो २ केबीत जगेल. मोठ्या बोर्डावर तो नेहमीच चालेल.

---

सातपूर_पीएलसी

अलाइनमेंटचा मुद्दा पटला. आमच्याकडे मॉडबसच्या कोडमध्ये अगदी हेच झालं होतं, बोर्ड बदलल्यावर. +१.

---

गोदाकाठ_एम्बेडेड

उशिरा आले, पण मेमरी मोजण्याबद्दल अजून कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी मुलांना हेच शिकवते आणि प्रकल्प अडतात ते बहुतेक इथेच.

कंपाइल झाल्यावर आर्डुइनो जो आकडा दाखवतो तो फक्त ग्लोबल व्हेरिएबलचा असतो. स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती मेमरी) त्यात नसतो, हीप (चालू असताना मागून घेतलेली मेमरी) पण नसते. दीड केबी ग्लोबल दिसले तर उरलेल्या अर्ध्या केबीत स्टॅक आणि हीप दोघांना राहायचं असतं, एक वरून खाली येतो, दुसरा खालून वर जातो. दोघे भिडले की कुठलाही इशारा न देता व्हेरिएबल बदलतात. प्रोग्राम सकाळी चालतो आणि दुपारी वेड्यासारखा वागतो. तुमच्यासारख्या बागेत ठेवायच्या यंत्रात हे अजिबात चालणार नाही.

म्हणून सुरुवातीलाच मोकळी रॅम एका ठरलेल्या बाइटने, समजा एए ने, रंगवून टाका. प्रोग्राम दिवसभर चालू द्या. मग किती बाइट अजून एए आहेत ते मोजा. स्टॅक सगळ्यात खाली कुठवर आला होता हे त्यावरून कळतं. अंदाजापेक्षा हे मोजमाप नेहमी वेगळं निघतं, कारण इंटरप्टही तोच स्टॅक वापरतात.

आता रॅम कोण खातं ते बघू. छापायचे संदेश: एव्हीआरमध्ये प्रोग्राम आणि डेटाची मेमरी वेगळी, त्यामुळे अवतरणातला प्रत्येक मजकूर सुरू होतानाच रॅममध्ये उतरवला जातो. 'सेशन ओपन फेल्ड' असे तीसेक संदेश लिहिले की अर्धा केबी गेलाच समजा. ते आर्डुइनोच्या एफ मॅक्रोमध्ये गुंडाळा, फ्लॅशमध्ये राहतील. सीरियलचे येण्याचे-जाण्याचे बफर ६४-६४ बाइट घेतात. बागेत सीरियल कुणी बघणार नाही, अंतिम प्रोग्राममधून ते काढूनच टाका. स्ट्रिंग क्लास वापरू नका, तो हीपचे तुकडे पाडत जातो. मॅलॉक (चालू असताना मेमरी मागणं) तर नकोच. जे लागेल ते कंपाइल करतानाच नेमून द्या.

दोन गोष्टी पुढे तुम्हाला हव्याशा वाटतील, त्या आधीच सांगते. एसडी कार्डावर नोंदी ठेवाव्यात असं वाटेल. एसडी लायब्ररीला सेक्टरसाठी ५१२ बाइटांचा बफर लागतो, म्हणजे तुमच्या रॅमचा चौथा हिस्सा. ओएलईडी पडदा लावावा वाटेल. १२८ गुणिले ६४ चा पडदा चित्ररूपात हाताळणाऱ्या लायब्ररीला १०२४ बाइट लागतात, म्हणजे निम्मी रॅम. दोन्ही टाळा. नोंदी ईईप्रॉममध्ये ठेवा. त्याची एका जागेवर १ लाख वेळा लिहिण्याची हमी आहे. तुमचे दिवसाला बारा तास धरले तर ७२ फोटो, १४० दिवसांचे १०,०८० होतात. फोटोचा क्रमांक एकाच जागी लिहीत राहिलात तरी हमीच्या दहाव्या हिश्श्यात काम होतं.

---

दिंडोरी_बाग

ताई, फार उपयोगी लिहिलंत. ओएलईडीची ऑर्डर देणारच होतो, आता एक एलईडी लावतो. अंबडकर सर, तुमच्या पद्धतीने इव्हेंटचा पार्सर लिहिला. पहिलं ९११६ पूर्ण वाचलं जातं आणि कोड बोर्डावर टिकून राहतो.

एक गोष्ट मला जीफोटोच्या सोर्समध्ये सापडली, ती इथे मांडतो, कारण तिने माझी बरीच फ्लॅश वाचवली. जीफोटोत शटरच्या प्रत्येक वेगासाठी अक्षरी नाव आणि कॅननचा कोड यांचं मोठं टेबल आहे. ते उचलायची गरज नाही. कॅननच्या कोडमध्ये एक स्टॉप म्हणजे ८. शटरची सेटिंग डी१०२: १ सेकंद म्हणजे हेक्स ३८, १/६० म्हणजे ६८, १/१२५ म्हणजे ७०. मधले एक-तृतीयांश स्टॉप ३ आणि ५ मिळवून येतात, १/८० म्हणजे ६बी आणि १/१०० म्हणजे ६डी. आयएसओ डी१०३ मध्येही तसंच, १०० म्हणजे ४८, २०० म्हणजे ५०. उजेड दुप्पट झाला तर शटरच्या कोडमध्ये ८ मिळवायचे. टेबल नाही, दशांश नाही, फ्लोटिंग पॉइंट नाही. लक्सच्या आकड्यातला सगळ्यात वरचा बिट कुठे आहे त्यावरून पूर्ण स्टॉप मिळतात, त्याखालच्या दोन-तीन बिटांवरून तृतीयांश.

पाठवतानाही फक्त १२ बाइटांचा डेटा: लांबी, सेटिंगचा कोड, किंमत, प्रत्येकी ४.

आता प्रश्न उजेडाच्या सेन्सरचा. बीएच१७५० घेतलाय. भर दुपारी तो एका आकड्यावर अडकून बसतो.

---

गोदाकाठ_एम्बेडेड

अडकणारच. त्याची मोजणी १६ बिटांची आहे आणि नेहमीच्या सेटिंगला १.२ ने भागायचं असतं, म्हणजे ५४,६०० लक्सच्या थोडं पुढे तो संपतो. आपल्याकडचं दुपारचं ऊन लाखाच्या घरात जातं. त्याच्या मेजरमेंट टाइम रजिस्टरची किंमत कमी केली तर लाखापर्यंत मोजतो. किंवा वर दुधी ॲक्रिलिकचा तुकडा बसवा आणि एकदा कॅमेऱ्याशी ताडून बघा. मी ॲक्रिलिक निवडेन. त्याने ढगाची किनार, पानाची सावली असले झटकेही थोडे मऊ होतात.

---

निफाड_पाणथळ

विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. नांदूर मधमेश्वरला (रामसर या आंतरराष्ट्रीय यादीत आलेलं महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ) हिवाळ्यात पाणपक्ष्यांच्या थव्यांचे फोटो ठरलेल्या वेळेला काढायचा विचार आहे, वनखात्याची परवानगी घेऊनच. तिथे मला फोटो लगेच मोबाइलवर बघायचे आहेत. उनोतून जमेल?

---

अंबड_फर्मवेअर

उनोतून नको. फोटो त्यातून वाहून नेता येईल, साठवायची गरज नाही, पण वेग बघा. मॅक्स-३४२१ई फुल स्पीड यूएसबी आहे. एका मिलिसेकंदात ६४ बाइटांची जास्तीत जास्त १९ पुडकी जातात, म्हणजे कागदावर सेकंदाला १.२ एमबी. उनो आणि शिल्ड यांच्यातली एसपीआय जोडणी त्याच्या बरीच मागे पडते. २० एमबीची रॉ फाइल कागदावरच्या वेगानेही सोळा-सतरा सेकंद घेते.

तुमच्या कॅमेऱ्यात वायफाय असेल तर ईएसपी३२ घ्या आणि पीटीपी-आयपी बोला. तेच पीटीपी, टीसीपीच्या १५७४० पोर्टवर, आयएसओ क्रमांकच पोर्ट म्हणून घेतलाय. पुडक्याचं हेडर थोडं वेगळं, पण आतले कोड हेच. मोबाइलवर पूर्ण फोटो न पाठवता १००ए ने थंबनेल मागवा. काही केबींत काम होतं आणि थवा आलाय की नाही एवढं त्यात दिसतं.

---

कॉलेजरोड_फोटो

दिंडोरीकर, लेन्स मॅन्युअल फोकसवर ठेवली ना? ऑटोवर राहिली आणि पहाटेच्या धुक्यात फोकस मिळाला नाही तर कॅमेरा क्लिकच करणार नाही. एकदा फोकस लावा आणि रिंगवर टेप चिकटवा. आणि फवारणीचं काय करणार? बोर्डो (मोरचूद-चुन्याची फवारणी) मारल्यावर काचेवर निळसर पांढरा थर बसेल.

---

दिंडोरी_बाग

लेन्स मॅन्युअलवरच आहे, टेपही लावली. फवारणीसाठी पेटीपुढे झाकण करतोय, लहान सर्व्होवर. फोटोपुरतं उघडेल, एरवी बंद. पेटीच्या सगळ्या तारा खालून आत घेतल्यात, कारण मोरचुदाचं पाणी तांब्याच्या तारेवर उतरलं की जोड हिरवा पडतो. बोर्डावर सोल्डरिंगनंतर कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा रोखणारा पातळ थर) मारणार आहे.

विजेची रचना अशी केली आहे. उनो बोर्ड काढला, कारण चिप झोपवली तरी त्यावरचा रेग्युलेटर आणि यूएसबीची दुसरी चिप जाग्याच राहतात. त्याऐवजी ३.३ व्होल्टचा प्रो मिनी, त्याच एटमेगा३२८पी वर, आणि मिनी होस्ट शिल्ड. डीएस३२३१ घड्याळाचा अलार्म दर दहा मिनिटांनी त्याला उठवतो. कॅमेऱ्यात डमी बॅटरी, तिला १२ व्होल्टवरून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) ७.४ व्होल्ट. त्या कन्व्हर्टरची एनेबल पिन प्रो मिनीच्या हातात.

म्हणजे प्रत्येक फोटोला कॅमेरा नव्याने चालू होतो, सत्र नव्याने उघडतं. जास्तीचे काही सेकंद जातात, पण मला हेच आवडलं. कॅमेरा आधी कोणत्या अवस्थेत होता हे लक्षात ठेवायला लागत नाही.

---

अंबड_फर्मवेअर

रचना चांगली आहे. तीन गोष्टी तपासा.

मिनी शिल्डवर यूएसबीच्या व्हीबसला (वीज नेणाऱ्या तारेला) मुळात ३.३ व्होल्ट जोडलेले असतात. कॅमेरा स्वतःच्या बॅटरीवर चालत असला तरी होस्ट जोडलाय हे तो व्हीबसवरून ओळखतो. त्यामुळे तो ट्रॅक कापून वेगळ्या तारेने ५ व्होल्ट द्या.

कॅमेऱ्याची वीज क्लिकनंतर ठरावीक वेळाने कापू नका. फोटो कार्डावर लिहिला जात असताना वीज गेली तर कार्डच बिघडेल. सी१८१ ची वाट बघा, मग इव्हेंट रिकामे येईपर्यंत ९११६ विचारत राहा, मग १००३, त्यानंतर दोन-चार सेकंद सोडून एनेबल पिन खाली आणा. सी१८१ आलाच नाही तर ३० सेकंदांनी सोडून द्या आणि ईईप्रॉममध्ये खूण करा.

तिसरी, डेटाची एकूण लांबी नेमकी ६४ च्या पटीत आली तर कॅमेरा शेवटी शून्य लांबीचं पुडकं पाठवतो. ते वाचून टाकलं नाही तर पुढच्या उत्तराच्या जागी तेच येतं आणि सगळे व्यवहार एकाने सरकतात. रोज होत नाही, म्हणून टेबलावर दिसत नाही, बागेत दिसतं. तसंच काही कॅमेरे १२ बाइटांचं हेडर वेगळ्या पुडक्यात आणि डेटा पुढच्यात पाठवतात. जीफोटोत या प्रकाराची वेगळी काळजी घेतलेली दिसेल. लांबी हेडरमधून घ्या, पुडकं आखूड आलं म्हणून डेटा संपला असं समजू नका.

---

सिन्नर_थर्डइयर

सर, शून्य लांबीचं पुडकं मुद्दाम कसं आणायचं? कॅमेऱ्याच्या हातात आहे ना ते?

---

अंबड_फर्मवेअर

कॅमेरा लागतच नाही. पार्सरचा कोड लॅपटॉपवर साध्या सी प्रोग्रामसारखा कंपाइल करा. बाइट घेणारं फंक्शन शिल्डऐवजी फाइलमधून वाचू दे. वायरशार्कमधले खरे बाइट त्या फाइलमध्ये भरा आणि ते १, ७, ६३, ६४ अशा वेगवेगळ्या घासांनी भरवून बघा. उत्तर प्रत्येक वेळी तेच यायला हवं. पुडकी वाचणारा थरही असाच फाइलवर चालवा, त्यात १२८ बाइटांच्या डेटामागे एक रिकामं पुडकं ठेवा. तुमच्या लॅबमधलं ते कॅप्चर इथे चढवलंत तर दिंडोरीकरांनाही कामाला येईल. कॅमेऱ्याचा सीरियल नंबर त्यातून आधी पुसा.

---

कॉलेजरोड_फोटो

एक बाहेरचा प्रश्न. जीफोटोतून कोड घेतला तर परवान्याचं काय? उद्या दुसऱ्या बागायतदाराला हे करून विकलं तर?

---

गोदाकाठ_एम्बेडेड

लिबजीफोटो-२ एलजीपीएल परवान्याखाली आहे. त्यातला कोड उचलून मायक्रोकंट्रोलरमध्ये एकत्र लिंक केला, तर घेणाऱ्याला तो भाग बदलून पुन्हा लिंक करता येईल असं साहित्य द्यावं लागतं. कोडचे आकडे आणि व्यवहारांचा क्रम समजून घेऊन स्वतः लिहिलं तर गोष्ट वेगळी. पण माझं मत विचाराल तर सगळंच खुलं ठेवा. हा धागा असल्याच खुल्या कामावर उभा आहे.

---

दिंडोरी_बाग

सगळं खुलंच ठेवणार आहे. व्हीबसचा ट्रॅक कापला, ५ व्होल्ट दिल्यावर कॅमेरा लगेच ओळखला गेला. सी१८१ ची वाट बघणं घातलंय. वॉचडॉग (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) ८ सेकंदांवर आहे, एव्हीआरमध्ये त्याहून जास्त मिळत नाही, म्हणून वाट बघण्याच्या प्रत्येक फेरीत त्याला हात लावतोय. जुन्या बूटलोडरचे (चिप चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्राम) काही स्वस्त बोर्ड वॉचडॉगने रीसेट झाल्यावर तिथेच फिरत राहतात, त्यामुळे प्रो मिनीवर आधी ऑप्टिबूट हा दुसरा बूटलोडर चढवला.

ताईंनी सांगितलेली रंगवायची युक्ती आज रात्री घालतो आणि दिवसभर पेटी उन्हात ठेवून उद्या संध्याकाळी एए किती उरले ते इथे लिहितो. सिन्नरचं कॅप्चर मिळालं तर पार्सरची फाइलवरची चाचणीही त्याच्यासोबत टाकेन. पेटीच्या जोडणीचं चित्र हवं असेल त्यांनी सांगा, कागदावर तयार आहे.